पायाचे जुने दुखणे आणि मज्जातंतूंवरील गाठी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह यांपैकी एखादा भारदस्त विषय आम्ही निवडू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आपण वृत्तपत्रांतून पुष्कळ वाचीत असता. म्हणून आम्ही शरीराचा असा भाग निवडला आहे, की ज्याकडे आपले लक्ष सर्वांत शेवटी जाते. तो भाग म्हणजे पाय. त्यातही पायाच्या साऱ्या दुखण्यांचा पसारा मांडण्याचा आमचा विचार नाही. पायातील मज्जातंतूंवर ज्या लहानलहान गाठी येतात, त्यांच्याविषयी तेवढे बोलावयाचे आहे. या गाठी बहुधा वाटाण्याएवढ्या किंवा बोराएवढ्या असतात. परंतु त्यांच्यापायी माणसे पाच-पाच, दहा-दहा वर्षे लंगडत काढतात; आणि निदान झाल्यावर मागचा इतिहास ऐकला म्हणजे पुष्कळदा असे दिसते की, दुखण्याची जागा बोटाने दाखविता येण्यासारखी होती, पण तेथे कोणी बोट लावून पाहिलेच नव्हते.

आपल्या घरांतून पाय दुखणे हा आजार समजलाच जात नाही. पहाटेपासून ओट्यापाशी उभी राहणारी गृहिणी रात्री पायांना तेल चोळते आणि झोपी जाते. शिक्षक, बसवाहक, दुकानदार, रुग्णालयातील परिचारिका यांचे पाय दुखणे तर धंद्याबरोबर आलेलेच मानतात. कोणी म्हणतो वात आहे, कोणी म्हणतो वजन वाढले, कोणी म्हणतो वय झाले. मग तापविलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकणे सुरू होते. शेकाने बरे वाटते हे आम्ही नाकारीत नाही; ऊब मिळाली की कोणतेही दुखणे घटकाभर निवते. काही ठिकाणी बिब्बा घालतात. त्याविषयी पुढे बोलू, कारण तो प्रकार निरुपद्रवी नाही. इतके झाल्यावर क्ष-किरण चित्र काढले जाते आणि टाचेचे हाड वाढले आहे असा शेरा मिळतो. असे वाढलेले हाड, ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा पुष्कळ माणसांच्या चित्रांतही दिसते. पण एकदा ते कागदावर उमटले, की पायाचे पुढील प्रत्येक दुखणे त्याच्याच खात्यावर मांडले जाते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आजच्या व्याख्यानानंतर प्रत्येक जण आपल्या पायात गाठ शोधू लागेल. बहुतेक टाचा तळव्याखालच्या चिवट पट्ट्याला इजा झाल्यामुळे दुखतात; बहुतेक चवडे पादत्राणांमुळे, बोटांच्या ठेवणीमुळे किंवा सांध्यांच्या विकारामुळे दुखतात. मज्जातंतूची खरी गाठ हे कारण त्या मानाने विरळा होय. परंतु दुखणे सहा महिने लोटले तरी हटत नाही, साधे उपचार करून झाले आहेत, आणि ते एकाच पायात, एकाच जागी, एकाच तऱ्हेने उठते आहे, असे असेल तर हे विरळा कारण मनात आणलेच पाहिजे. ते मनात आणण्यास पैसा लागत नाही.

मज्जातंतू म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्या बोलीत 'शीर' हा शब्द फार राबतो. रक्तवाहिनीही शीर, स्नायूचा दोरही शीर आणि मज्जातंतूही शीर. त्यामुळे 'शीर आखडली' असे रोगी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यास तिन्हींपैकी काहीच कळत नाही. मज्जातंतू हा संवेदना मेंदूकडे नेणारा आणि हालचालीची आज्ञा स्नायूंकडे आणणारा धागा होय. एका मज्जातंतूत असे हजारो बारीक तंतू जुडग्याजुडग्यांनी बांधलेले असतात आणि त्यांभोवती विशिष्ट पेशींचे वेष्टन असते. या पेशींचे वर्णन थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ साली केले, म्हणून त्या श्वानच्या पेशी म्हणून ओळखल्या जातात.

कंबरेतून निघालेला मोठा मज्जातंतू मांडीच्या मागून गुडघ्यापाशी येतो. त्याची मोठी शाखा पोटरीतून उतरते आणि आतल्या घोट्याच्या मागे येऊन पोहोचते. तेथे हाड आणि त्यावरून गेलेला एक घट्ट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून तीन स्नायूंचे दोर, रक्तवाहिन्या आणि हा मज्जातंतू अशी सगळी मंडळी दाटीवाटीने तळव्यात उतरतात. तळव्यात मज्जातंतूच्या दोन शाखा होतात, एक अंगठ्याच्या बाजूची व दुसरी करंगळीच्या बाजूची. आणि त्यांच्या शेवटच्या फांद्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत जातात. हा मार्ग आम्ही मुद्दाम सांगितला, कारण मज्जातंतू जेथे दाबला जातो तेथेच दुखते असे नाही. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले म्हणजे झिणझिण्या हाताच्या करंगळीत येतात, हा अनुभव सर्वांस आहे. त्याचप्रमाणे गाठ घोट्यामागे असावी आणि आग तळव्यात व बोटांत व्हावी, असे घडते. रोगी तळवा दाखवितो, वैद्य तळवा पाहतो आणि घोट्याकडे कोणीच पाहत नाही.

मज्जातंतूच्या दुखण्याची भाषाही वेगळी असते. स्नायू थकला की ठणकतो. मज्जातंतू दुखावला की विजेचा झटका बसल्यासारखे होते, मिरची लागल्यासारखी आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते किंवा एखादे बोट बधिर होते. असे शब्द रोग्याच्या तोंडून आले तर ते जसेच्या तसे टिपून घ्यावेत.

आता गाठींकडे वळू. पायातील या गाठींचे दोन प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक चवड्यात होतो, तो पुष्कळ आढळतो, आणि गंमत अशी की ती खरी गाठ नव्हेच. दुसरा खऱ्या गाठीचा. तो क्वचित् आढळतो, आणि त्याचेच निदान सर्वांत उशिरा होते.

चवड्याच्या प्रकाराचे चित्र ठरलेले असते. बाई बाजारात निघालेली असते, पायात चिंचोळा बूट किंवा उंच टाचेची चप्पल असते. थोडे चालून झाले की मधले बोट आणि त्यापलीकडचे करंगळीशेजारचे बोट यांच्या बेचक्यात एकाएकी आग उठते. चवड्याखाली खडा आला आहे असे वाटते. चप्पल झटकून पाहिली तर खडा नसतो. शेवटी दुकानाच्या पायरीवर बसून, पादत्राण काढून, चवडा चोळावा लागतो. चार-पाच मिनिटांत दुखणे जाते आणि पुन्हा चालू लागले की परत येते. पादत्राण काढून चोळल्याबरोबर थांबणारे दुखणे एवढे एकच लक्षण नीट सांगितले तरी जाणत्या डॉक्टराच्या मनात निम्मे निदान होऊन जाते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कित्येक पटींनी अधिक आढळतो.

या दुखण्यास मॉर्टनचे नाव आहे. थॉमस मॉर्टन हा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरचा शस्त्रवैद्य. त्याने १८७६ साली या दुखण्यावर निबंध लिहिला. परंतु त्यापूर्वी एकतीस वर्षे, म्हणजे १८४५ साली, लुई डर्लाकर नावाच्या लंडनमधील गृहस्थाने ते आपल्या पुस्तकात नोंदविले होते. हा डर्लाकर पदवीधर शस्त्रवैद्यांपैकी नव्हे. कुरुपे व नखे यांवर उपचार करणारा, राणी व्हिक्टोरियाच्या पदरी असलेला पायांचा जाणकार. ज्याच्या हाताखालून रोज पाय जात होते त्याला ते आधी दिसावे, यात नवल नाही. नाव मात्र मॉर्टनचे झाले. शिवाय मॉर्टनने मूळ दोष चौथ्या बोटाच्या सांध्याशी आहे असे मानून तो सांधाच काढून टाकण्याची शिफारस केली होती. दोष मज्जातंतूत आहे हे पुढे हळूहळू उलगडले. १८९३ मध्ये हॉडली याने मज्जातंतूवरचा जाड भाग कापून काढला, आणि १९४० साली ऑस्ट्रेलियातील बेट्स याने ही मज्जातंतूचीच व्याधी असल्याचे आग्रहाने मांडले.

त्या जाड भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तर नव्या पेशींची वाढ अशी काही दिसत नाही. चवड्याच्या हाडांची डोकी एकमेकांशी बांधणारा एक बंध असतो. त्याच्या खालून जाणारा मज्जातंतू चालताना वारंवार चेपला जातो, त्याचे वेष्टन जाड व तंतुमय होते, आणि त्या जाडीला आपण गाठ म्हणतो. तिचा कर्करोग होत नाही. गाठ हा शब्द ऐकताच घरातील सर्वांची झोप उडते, म्हणून एवढे निक्षून सांगणे आम्हांस आवश्यक वाटले.

निदान हाताने होते. डॉक्टर एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी आवळतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बेचक्याखाली दाबतो. तेव्हा रोग्यास ओळखीची कळ येते आणि कधी कधी बोटास 'टक्' असा खटका जाणवतो. मुल्डर या डच शस्त्रवैद्याने १९५१ साली या खटक्याचे वर्णन केले. क्ष-किरण चित्रात ही गाठ दिसत नाही. हाडाचे दुसरे काही कारण नाही ना, एवढे पाहण्यापुरतेच ते उपयोगी. सोनोग्राफीत व एम. आर. आय. तपासणीत ती दिसते. मात्र जाड झालेला मज्जातंतू, ज्यांना काही त्रास नाही अशांच्या पायातही दिसतो. तेव्हा केवळ चित्रात दिसले म्हणून कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढू नये.

उपचारात पहिला मान पादत्राणांचा. कोऱ्या कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवावी आणि त्या आकृतीवर आपले नेहमीचे पादत्राण ठेवून पाहावे. चवड्यापाशी आकृती पादत्राणाच्या बाहेर दिसली, तर रोज तितका पाय आपण आत कोंबतो आहोत, हे डोळ्यांनी दिसते. नवे पादत्राण संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. आपली कोल्हापुरी वहाण बोटांना आवळीत नाही, हा तिचा गुण. पण तिचा तळ कठीण असतो, म्हणून दुखऱ्या चवड्याला ती मानवेलच असे नाही. दुसरा उपाय आत ठेवावयाच्या मऊ गादीचा. ही गादी लोक नेमकी दुखऱ्या जागेखाली चिकटवितात आणि दुखणे वाढले म्हणून फेकून देतात. तिची जागा दुखऱ्या बिंदूच्या किंचित् मागे, हाडांच्या डोक्यांच्या टाचेकडील बाजूस असते. तेथे ठेवली म्हणजे हाडे किंचित् उचलली जाऊन फाकतात आणि मधल्या मज्जातंतूस जागा मिळते. अर्ध्या बोटाच्या अंतराने गुण येतो किंवा येत नाही.

एवढ्याने न भागल्यास त्या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने पुष्कळांना काही महिने आराम पडतो. ते वरचेवर घेऊ नये, कारण तळव्याची नैसर्गिक चरबी त्याने झिजू शकते. अखेरचा उपाय शस्त्रक्रियेचा. तीत मज्जातंतूचा तो जाड भाग काढून टाकतात. बहुतेकांचे दुखणे त्याने जाते. पण त्या दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजू कायमच्या बधिर होतात, आणि थोड्या रोग्यांत कापलेल्या टोकावर नवी दुखरी गाठ तयार होते. या दोन्ही गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास माहीत असाव्यात. नुसते 'लहानसे ऑपरेशन आहे' एवढ्यावर संमतिपत्रावर सही करू नये.

आता खऱ्या गाठीविषयी. श्वानच्या ज्या पेशींचा उल्लेख वर आला, त्यांच्यापासूनच ही गाठ होते. तिला इंग्रजीत श्वानोमा म्हणतात. व्हेरोके याने १९१० साली तिचे बारकाईने वर्णन केले. ती शरीरात कोठेही होते. पायात तिची एक आवडती जागा म्हणजे आतल्या घोट्याच्या मागचा तो बोगदा. या बोगद्यात मज्जातंतू दाबला जाण्याच्या विकारास १९६२ साली केक आणि लॅम या दोघांनी स्वतंत्रपणे नाव दिले. तेथे आधीच दाटी, त्यात गाठीची भर. मग तळव्याची आग का होणार नाही? पण आत खोल दडलेली दीड सेंटिमीटरची गाठ वरून दिसत नाही, पायाला सूज नसते, रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात, क्ष-किरण चित्र स्वच्छ असते. आणि मग दुखणेच खोटे ठरते.

आमच्या पाहण्यातील एक हकीगत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. बाई शाळेत शिक्षिका, वय सेहेचाळीस. उजव्या तळव्याची आग नऊ वर्षे. प्रथम टाचेचे हाड निघाले. त्यावर मऊ टाचा, गोळ्या, इंजेक्शने झाली. नंतर कंबरेत शीर दबली आहे असे ठरले. कंबरेच्या तपासणीत मणक्यांमधील चकती थोडी सरकलेली होती. या वयात तशी ती कितीकांची सरकलेली असते आणि त्यांस काही होत नाही. कंबरेला पट्टा आला, वजने लावून ताण देणे झाले. त्याने तळवा थांबला नाही, तेव्हा झोपेच्या गोळ्या देण्यात आल्या आणि मन रमवा असा सल्ला मिळाला. घरी पाहुणे आले की बाईंचा पाय दुखतो, असे घरात बोलले जाऊ लागले. पूर्वी त्या आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारीत चालत असत, ते सुटले. वर्गात खुर्चीवर बसून शिकवितात म्हणून वरिष्ठांकडे तक्रार गेली. या नऊ वर्षांत किती जणांनी त्यांची चित्रे पाहिली त्याची गणती नाही. पायमोजा काढावयास मात्र फारच थोड्यांनी सांगितले.

शेवटी गाठ सापडली ती व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीला. पोटरी मोकळी करताना तिचा अंगठा घोट्यामागे गेला आणि बाई ओरडल्या. त्या मुलीने तेथेच हलके टिचकी मारून पाहिले. प्रत्येक टिचकीसरशी मधल्या बोटापर्यंत वीज गेली. तिने ते कागदावर लिहून बाईंना परत पाठविले. पुढे घोट्याची एम. आर. आय. तपासणी झाली आणि दीड सेंटिमीटरची लांबट गाठ स्पष्ट दिसली. शस्त्रक्रियेत भिंग लावून मज्जातंतूचे वेष्टन लांबीच्या दिशेने उघडले, गाठीवर पसरलेली तंतूंची जुडगी बाजूस सारली, आणि शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ निघाली. तळव्याचा काही भाग थोडे महिने बधिर राहिला, मग तोही जागा झाला. त्या बाईंनी गाठीच्या पेशीतपासणीच्या अहवालाची आणखी एक प्रत मागून घेतली. ती त्यांना घरी दाखवावयाची होती.

या टिचकीच्या परीक्षेचाही एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे मज्जातंतू तपासताना १९१५ साली जर्मनीत हॉफमन याने आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये टिनेल याने हे लक्षण नोंदविले. दोघांची राष्ट्रे एकमेकांशी लढत होती आणि दोघांची बोटे एकाच जागी टिचकी मारीत होती. त्यांनी ते पुन्हा वाढणाऱ्या मज्जातंतूसाठी वर्णिले. आज दबलेला किंवा गाठ आलेला मज्जातंतू शोधण्यासाठी त्याचा उपयोग होतो. गाठ हाताला लागत असेल तर आणखी एक खूण आहे. मज्जातंतूवरची गाठ आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, थोडी हलते; मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे वर-खाली, ती हलत नाही. दोरीत ओवलेल्या व जागी घट्ट बसलेल्या मण्याप्रमाणे तिचे वर्तन असते.

येथे एक धोक्याची सूचना करतो. पायात किंवा घोट्याशी गाठ हाताला लागली की ती चरबीची समजून दवाखान्यातच बधिर करून कापून टाकण्याची घाई कित्येकदा होते. गाठ मज्जातंतूवरची असेल तर तिच्याबरोबर मज्जातंतूही कापला जातो, आणि मग तळव्याची संवेदना व पायाच्या लहान स्नायूंचे बळ कायमचे जाते. श्वानोमा मज्जातंतू राखून काढता येतो. दुसरी एक गाठ, न्यूरोफायब्रोमा, ही मात्र तंतूंमध्ये मिसळून वाढते. तिचे काम अधिक नाजूक. कोणती आहे हे आधी कोणासही पूर्ण निश्चितपणे सांगता येत नाही. म्हणून टिचकीने झटके येत असतील तर आधी एम. आर. आय., आणि मग मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियांची सवय असलेला शस्त्रवैद्य, हाच क्रम ठेवावा. या गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात. तथापि गाठ भराभर वाढू लागली, विसाव्यातही अखंड दुखू लागली किंवा पायाचे बळ कमी होऊ लागले, तर एक आठवडाही दवडू नये.

न्यूरोफायब्रोमाविषयी आपल्या मंडळात बोलणे विशेष अगत्याचे आहे. क्वचित् एकाच माणसाच्या अंगावर अशा पुष्कळ गाठी येतात आणि त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतात. फॉन रेक्लिंगहाउझेन याने १८८२ साली या विकारावर ग्रंथ लिहिला. तो आनुवंशिक आहे. आईबापांपैकी एकास असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा. परंतु असे सुमारे निम्मे रोगी असे असतात, की त्यांच्या घराण्यात तो पूर्वी कोणासही नव्हता. तो संसर्गजन्य नाही, आणि मागील जन्मीच्या कर्माशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. वधूवरांच्या पत्रिका जुळविताना असे डाग लपविले जातात, आणि कळले म्हणजे त्या मुलीच्या बहिणींचीही स्थळे मोडतात, हे आम्ही ऐकून आहोत. लपविणे योग्य नाही आणि वाळीत टाकल्यासारखे वागणे त्याहून योग्य नाही. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांनी मिळून आनुवंशिकतेच्या तज्ज्ञास भेटावे. आणि हेही ध्यानात असू द्यावे की पायातील एकटी गाठ म्हणजे हा विकार नव्हे. त्या शिक्षिकाबाईंच्या मुलींच्या लग्नात तिची चर्चा होण्याचे काहीच प्रयोजन नाही.

शेवटी दोन विकारांचा उल्लेख केला पाहिजे, कारण ते आपल्याकडे अतिशय आढळतात आणि त्यांची या दुखण्याशी गल्लत होते. पहिला मधुमेह. त्यात तळवे जळतात, मुंग्या येतात. परंतु बहुधा दोन्ही पाय सारखेच धरले जातात आणि सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते. एकाच पायाची, एकाच जागेची कळ केवळ साखरेच्या माथी मारू नये. दुसरा कुष्ठरोग. त्याचे नाव घेताच श्रोत्यांत चुळबुळ होते, म्हणूनच घेतो. घोट्यामागचा हाच मज्जातंतू त्या रोगात जाड होतो आणि तळवा बधिर पडतो. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ती औषधे विनामूल्य मिळतात. रोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे २००५ साली जाहीर झाले; तथापि नवे रोगी महाराष्ट्रात अजूनही सापडतात, आणि ते सर्व थरांत सापडतात. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा आणि जाड झालेला मज्जातंतू अशी जोडी दिसली, तर गाठ म्हणून चाकू लावण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

बिब्ब्याचा विषय येथे येतो. बधिर तळव्यावर बिब्बा घातला, डाग दिला किंवा तापलेली वीट टेकविली, तर भाजल्याचे रोग्यास कळतच नाही. सकाळी फोड दिसतो, फोडाची जखम होते, आणि मधुमेह्याच्या पायावर ती जखम महिनोन्महिने भरत नाही. प्रसंगी बोट, कधी पाऊलही गमवावे लागते. शेक घ्यावयाचा तर तळव्यावर कापसाचा बोळा फिरवून तो जाणवतो की नाही हे आधी पाहावे. जाणवत नसेल तर शेक नको. बिब्बा कोणालाच नको.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगावे, असे भगिनी विचारतात. 'पाय दुखतो' एवढे सांगू नये. दुखण्याची जागा एका बोटाने दाखवावी. आग आहे, झटका आहे की ठणका आहे, ते सांगावे. पादत्राण काढले की थांबते का, रात्री झोपेतून उठविते का, कोठे बधिर वाटते का, हे सांगावे. आणि डॉक्टरांनी पाय पाहिला नाही, तर पाय पाहा असे नम्रपणे पण स्पष्ट म्हणावे. यात डॉक्टरांचा अवमान नाही. आम्हांस तसे कोणी म्हटले तर राग येत नाही.

चिटणिसांनी भोजनापूर्वी अर्धा तास मागच्या खोलीत बसण्याची सोय केली आहे. ज्यांना पाय दाखवावयाचा असेल त्यांनी संकोच न करता यावे. येताना तपासण्यांच्या जुन्या फायली नाही आणल्या तरी चालेल. रोज वापरातली, झिजलेली चप्पल किंवा बूट मात्र पायात घालूनच यावे.